जमीन, पेढी आणि घर : कुटुंबाच्या मालकीच्या स्थावर-व्यवसायातील वाढीचा प्रश्न

स्थावर मालमत्तेच्या व्यापारात उतरलेल्या कुटुंबापुढे एक अशी अडचण असते की जी अन्य व्यापाऱ्यांना सहसा जाणवत नाही. कापडाच्या दुकानदाराने माल विकला तर तसाच माल तो पुन्हा आणू शकतो. गिरणीमालकाने सूत विकले तरी त्याची यंत्रे जागेवर राहतात. परंतु ज्या कुटुंबाने आपले वडिलोपार्जित शेत अकृषक करून घेतले, त्याचे भूखंड पाडले आणि ते एकेक करून विकले, त्याच्याजवळ विक्रीअखेर पैसा राहतो, शेत राहत नाही. अशा कुटुंबाची उलाढाल वर्षानुवर्षे वाढत असली तरी ती व्यवसायाची वाढ आहे, की पूर्वजांनी केलेल्या संचयाचा क्रमाक्रमाने होणारा व्यय आहे, हे उलाढालीच्या आकड्यांवरून ठरविता येत नाही.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मलकापूरसारख्या मध्यम आकाराच्या बाजारपेठेच्या गावाच्या संदर्भात करावयाचा आहे. जमिनीची मालकी, विकासाचा व्यवसाय आणि कुटुंबाचा उदरनिर्वाह या तीन गोष्टींचे हिशेब निरनिराळे ठेवल्याखेरीज अशा व्यवसायाला खरी वाढ साधत नाही, आणि ते निरनिराळे न ठेवल्यास व्यवसायाबरोबर कुटुंबही दुभंगण्याचा संभव असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

१. मलकापूरची पार्श्वभूमी

मलकापूर हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव नळगंगेच्या काठी, भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वसले आहे. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६० नंतरच्या दशकात लोहमार्ग या प्रांतातून पूर्वेकडे सरकला आणि त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे, येथील कापसास पूर्वी कधी नव्हता असा भाव आला. स्थानक, कापसाचा बाजार आणि सरकी काढण्याचे व गठ्ठे बांधण्याचे कारखाने ही वऱ्हाडातील अनेक गावांच्या वाढीची त्रिसूत्री होती. मलकापूरही त्यास अपवाद नाही. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बुलढाणा लोहमार्गावर नसल्याने तिकडे जाणारा उतारू मलकापूरलाच उतरतो. सुरतेहून कलकत्त्याकडे जाणारा जुना सहाव्या क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, ज्याचा क्रमांक आता ५३ आहे, तोही या गावावरून जातो. २०११ च्या जनगणनेत गावची लोकसंख्या सुमारे ६८ हजार होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या इतिहासातील एक गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. वऱ्हाडात जमीनमहसुलाची व्यवस्था मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धतीने झाली. सर्व्हे नंबर पाडले गेले आणि प्रत्येक नंबरचा खातेदार कागदोपत्री निश्चित झाला. परिणामतः गावाभोवतालची जमीन एखाद्या मोठ्या जमीनदाराच्या हाती न राहता अनेक शेतकरी व व्यापारी कुटुंबांत विभागलेली राहिली. गाव वाढू लागले की प्रथम त्याच्या सीमेलगतची शेते निवासी वापराखाली येतात, आणि ती शेते ज्या कुटुंबांची असतात ती कुटुंबे, इच्छा असो वा नसो, स्थावर-व्यवसायात ओढली जातात. अशा गावातील ‘बिल्डर’ हा पुष्कळदा दोनचार एकरांचा धनी असलेला कुटुंबकर्ताच असतो. त्याच्या हाती भांडवल म्हणून असते ते वडिलांचे शेत, आणि त्याचे सहकारी म्हणून असतात ते त्याचे भाऊ.

२. नफा कोणता आणि जमिनीची किंमत कोणती

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ समजुतीसाठी आहेत.

एका कुटुंबाचे गावालगत ४ एकर, म्हणजे १६० गुंठे, शेत आहे. रस्ते व मोकळी जागा यांसाठी ४० टक्के क्षेत्र सोडल्यास ९६ गुंठे उरतात. एका गुंठ्याचे १,०८९ चौरस फूट या हिशेबाने हे क्षेत्र सुमारे १ लाख ४ हजार चौरस फूट भरते, आणि त्यात प्रत्येकी सुमारे १,५०० चौरस फुटांचे ७० भूखंड बसतात. प्रत्येक भूखंड ६ लाख रुपयांस विकला गेला तर एकूण ४ कोटी २० लाख रुपये येतात. मोजणी, परवानग्या, सपाटीकरण, रस्ते, गटारे, वीज व कर्जाचे व्याज मिळून १ कोटी २० लाख रुपये खर्च आला असे समजू. ही विक्री ५ वर्षे चालली.

घरातील सर्वसामान्य हिशेबाप्रमाणे या व्यवहारात ३ कोटी रुपये नफा झाला. शेत वडिलांचे, त्यासाठी कोणी पैसा मोजला नाही, तेव्हा खर्च वजा जाता उरले ते सर्व उत्पन्न, असा हा तर्क आहे. परंतु तेच शेत पहिल्या दिवशी आहे त्या स्थितीत विकले असते तर २ कोटी रुपये आले असते, असे धरा. हे २ कोटी मिळविण्यासाठी कोणासही रस्ता बांधावा लागला नसता. शिवाय विक्री ५ वर्षे लांबल्यामुळे तो पैसा सरासरी अडीच वर्षे अडकून पडला, द. सा. द. शे. ८ दराने सरळव्याज धरले तरी त्याची भरपाई ४० लाख रुपये होते. म्हणजे ३ कोटींपैकी २ कोटी ४० लाख हा जमिनीचा व तिच्या प्रतीक्षेचा मोबदला असून विकासाच्या कौशल्याने मिळविलेला नफा अवघा ६० लाखांचा आहे.

हा भेद केवळ हिशेबतपासनिसाच्या सोयीचा नाही. ३ कोटी हा नफा समजून कुटुंबाने लग्नकार्ये, नवे घर व वाहने यांवर खर्च केला तर ते मिळकतीवर नव्हे, मुद्दलावर जगत आहे. पाच वर्षांनी तेवढेच दुसरे शेत घ्यावयाचे झाल्यास त्याचा भाव, गाव वाढल्यामुळे, ३ कोटींवर गेलेला असू शकेल. अशा स्थितीत पूर्ण रक्कम शिल्लक ठेवणारे कुटुंबसुद्धा जेमतेम मूळ जागी उभे राहते. व्यवसाय वाढला की नाही, याची कसोटी म्हणून विक्रीनंतर तेवढीच जमीन पुन्हा घेण्याची शक्ती उरली काय, हाच प्रश्न विचारला पाहिजे.

जुन्या पेढ्यांच्या कीर्द-खतावणीत दुकानाचे खाते निराळे आणि घरखर्चाची उचल निराळी मांडण्याचा प्रघात होता. कापसाच्या अडतीत मुरलेल्या वऱ्हाडातील व्यापाऱ्यास तो शिकवावा लागत नसे. जमिनीच्या बाबतीत मात्र हा विवेक सुटतो, कारण जमीन ही दुकानातील माल आहे असे घरातील कोणालाच वाटत नाही.

३. मालकी कोणाची

वरील उदाहरणातील कुटुंबात तीन भाऊ व एक विवाहित बहीण आहेत, आईवडील हयात नाहीत, आणि भावांपैकी दोघेच व्यवसाय पाहतात, असे मानू. ३ कोटींचे वाटप कसे व्हावे?

चौघांत सारखे वाटल्यास प्रत्येकास ७५ लाख मिळतात, आणि ज्या दोघांनी पाच वर्षे कचेऱ्यांचे उंबरठे झिजविले त्यांच्या श्रमांस काहीच मोल राहत नाही. बहिणीकडून हक्कसोडपत्र घेऊन तिघांतच वाटणी केली तर प्रत्येकी १ कोटी येतात, पण बहिणीच्या हक्काचा लोप होतो. जमिनीचा मोबदला व व्यवसायाचा नफा वेगळा केल्यास मात्र उत्तर आपोआप निघते. २ कोटी ४० लाख हा मालकांचा मोबदला असल्याने तो चौघांचा, प्रत्येकी ६० लाख. आणि ६० लाख हा पेढीचा नफा असल्याने तो पेढी चालविणाऱ्या दोघांचा, प्रत्येकी ३० लाख. काम करणाऱ्या भावास ९० लाख, इतरांस ६० लाख. या वाटणीत कोणावरही अन्याय झाला असे म्हणता येणार नाही.

बहिणीच्या हिश्शाचा प्रश्न आता रूढीवर सोपविता येत नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमात महाराष्ट्राने १९९४ साली दुरुस्ती करून, २२ जून १९९४ पासून, त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींना जन्मसिद्ध सहदायादाचा हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेदही उरला नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पुऱ्या झालेल्या वाटण्या मात्र अबाधित ठेवल्या गेल्या. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे काय, याविषयीचा संदेह सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात दूर केला आणि तशी आवश्यकता नसल्याचे सांगितले.

याशिवाय प्रत्येक शेत ‘वडिलोपार्जित’ या एकाच सदरात बसत नाही, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे. वडिलांची स्वकष्टार्जित मालमत्ता १९५६ नंतर वारसाने मुलास आली तर ती त्याची स्वतंत्र मालमत्ता होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली चंदर सेन प्रकरणात दिला. तेव्हा एकाच घरात एक सर्व्हे नंबर सहदायकीचा, दुसरा वारसांच्या सामाईक मालकीचा आणि तिसरा एका भावाने स्वतः खरेदी केलेला, असे असू शकते. सातबारावर तिन्ही ठिकाणी कर्त्याचेच नाव दिसेल. परंतु सातबारा हा महसुलाचा अभिलेख आहे, त्याने मालकीचा अंतिम निवाडा होत नाही. व्यवसायास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याची ही छाननी होणे अगत्याचे आहे, कारण पुढे ज्या ७० कुटुंबांनी भूखंड घेतले त्यांच्या हक्काचा पाया तीच छाननी होय. एका बहिणीची राहून गेलेली सही ही त्या सत्तरांच्याही डोक्यावरील टांगती तलवार ठरते.

४. कर्त्याचे अधिकार आणि नवा धंदा

एकत्र कुटुंबाचा कर्ता पुष्कळ गोष्टी करू शकतो, पण सर्वच करू शकत नाही. १८५६ च्या हनुमानप्रसाद पांडे खटल्यापासून प्रिव्ही कौन्सिलने अशी भूमिका घेतली की अज्ञानाच्या इस्टेटीवर बोजा निर्माण करण्यास गरज किंवा इस्टेटीचे हित यांचा आधार लागतो, आणि पुढे हेच तत्त्व कर्त्यास लागू झाले. बनारस बँक विरुद्ध हरी नारायण या खटल्यात १९३२ साली आणखी स्पष्टता आली: मिताक्षरा कुटुंबाचा कर्ता, तो पिता असला तरी, नव्याने सुरू केलेल्या धंद्याचा धोका अज्ञान सदस्यांवर लादू शकत नाही. १९६४ साली बालमुकुंद विरुद्ध कमलावती या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कुटुंबात प्रौढ सदस्य असता कुटुंबाचे हित कशात आहे याचा निर्णय एकट्या कर्त्याचा असून भागत नाही, त्यात त्या सदस्यांचाही वाटा असतो.

शेती करणारे कुटुंब भूखंडांच्या व्यापारात शिरते तेव्हा ते वास्तविक नवा धंदाच आरंभीत असते. शेत हे आजवर उपजीविकेचे साधन होते. आता ते विक्रीचा माल झाले. आयकराचा कायदाही भांडवली मालमत्ता आणि व्यापारी साठा यांत भेद करतो आणि एकीचे दुसऱ्यात रूपांतर ही स्वतंत्र घटना मानतो. कुटुंबाने मात्र या रूपांतराची नोंद आपल्या मनात घेतलेली नसते. ज्या दिवशी शेत मालात बदलले त्या दिवशीच्या किमतीची लेखी नोंद, सर्व हिस्सेदारांच्या संमतीने, करून ठेवणे हे मागील प्रकरणात सुचविलेल्या विभाजनाचे पहिले पाऊल होय.

५. वाढीच्या पायऱ्या

कुटुंबाच्या स्थावर-व्यवसायाची वाढ स्थूलमानाने चार पायऱ्यांनी होते. प्रत्येक पायरीवर धोक्याचे स्वरूप बदलते आणि म्हणून संघटनेचे रूपही बदलावे लागते.

पहिल्या पायरीवर कुटुंब स्वतःच्या शेताचे भूखंड पाडते. येथे धोका थोडा, पण वाढीची मर्यादा म्हणजे बांध. दुसऱ्या पायरीवर ते इसार देऊन शेजारचे शेत घेते. आता मुदतीत उरलेली रक्कम उभी न झाल्यास इसारही जाण्याचे भय असते. कर्ज प्रवेश करते. तिसऱ्या पायरीवर जमीन खरेदी न करता दुसऱ्या कुटुंबाशी विकसन-करारनामा केला जातो, आणि उत्पन्नाचा अथवा भूखंडांचा हिस्सा ठरतो. या ठिकाणी वाढीचे साधन म्हणून जमिनीऐवजी व्यवस्थापनाचे कौशल्य व गावातील पत पुढे येते. चौथ्या पायरीवर इमारती बांधून सदनिका विकल्या जातात, आणि बांधकामाच्या गुणवत्तेची दीर्घकालीन जबाबदारी येते.

पहिल्या पायरीस एकत्र कुटुंबाची व्यवस्था पुरते. दुसऱ्या पायरीपासून ती अपुरी पडते, कारण एका व्यवहारातील तोटा थेट राहत्या घरापर्यंत पोहोचू शकतो. १९३२ च्या कायद्याखालील भागीदारी पेढी अधिक बरी, परंतु तीत प्रत्येक भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते आणि करारात अन्यथा ठरविले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. पाच वर्षे चालणाऱ्या कामात हा संभव नगण्य मानता येत नाही. तिसऱ्या पायरीपासून २००८ च्या कायद्याखालील मर्यादित दायित्व भागीदारी किंवा कंपनी यांचा विचार करणे इष्ट ठरते. जमीन मालकांच्या नावे, विकास संस्थेच्या नावे, आणि दोहोंत लेखी करार, अशी रचना येथे हितावह आहे.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने हे विभाजन एका अर्थी बाहेरूनही आवश्यक केले आहे. भूखंडांची योजनाही या कायद्याच्या कक्षेत येते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा अधिक नसतील तरच नोंदणीतून सूट आहे. खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम स्वतंत्र बँक-खात्यात ठेवावी लागते आणि ती जमिनीच्या व बांधकामाच्या खर्चासाठीच, काम पुढे सरकेल त्या प्रमाणात, काढता येते. नोंदणीकृत विक्री-करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम स्वीकारता येत नाही. एका योजनेचे आगाऊ पैसे दुसऱ्या योजनेच्या इसारात घालण्याची, अथवा त्यांतून घरातील लग्न पार पाडण्याची, जुनी वाट या तरतुदींनी बंद केली. विकास करणारा व विक्री करणारा निराळे असतील तर दोघेही प्रवर्तक समजले जाऊन संयुक्तपणे जबाबदार ठरतात. तेव्हा कागदावर सही करण्यापुरता पुढे केलेला वडीलधारा काकाही केवळ नावाचा राहत नाही.

येथे अर्थशास्त्रीय दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की या कायद्याने जमिनीची किंमत हा खर्चाचा एक स्वतंत्र भाग मानला आहे. घरच्या हिशेबात शून्य धरलेली रक्कम कायद्याच्या हिशेबात शून्य नाही.

६. मोठ्या घराण्यांचे दोन दाखले

लहान गावातील प्रश्न महानगरातही त्याच स्वरूपात आढळतो, फक्त आकडे मोठे असतात. १८९७ साली सुरू झालेल्या गोदरेज उद्योगसमूहाच्या विभाजनाची घोषणा ३० एप्रिल २०२४ रोजी झाली. त्यात गोदरेज अँड बॉइस ही कंपनी आणि मुंबईतील, मुख्यतः विक्रोळीची, सुमारे ३,४०० एकर जमीन एका शाखेकडे राहिली. तर गृहबांधणी करणारी गोदरेज प्रॉपर्टीज ही कंपनी दुसऱ्या शाखेकडे गेली. घराण्याचे नाव दोन्ही शाखांनी वापरावयाचे ठरले. जमिनीची मालकी व विकासाचा व्यवसाय आधीपासून निरनिराळ्या कंपन्यांत असल्यामुळे वाटणीच्या वेळी काय कोणाकडे जाणार, याची चर्चा तरी शक्य झाली. हीच संपत्ती एका अविभक्त ढिगात असती तर तो प्रश्न कितीतरी अवघड झाला असता, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

दुसरा दाखला लोढा बंधूंचा. दोघा भावांचे व्यवसाय विभक्त झाल्यावरही ‘लोढा’ हे नाव कोणी वापरावे, हा वाद उरला आणि जानेवारी २०२५ मध्ये तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. मध्यस्थीनंतर त्याच वर्षी एप्रिल महिन्यात तो मिटला, व कोणी कोणते नाव वापरावे हे ठरले. या व्यवसायात नावाची पत हीही मालमत्ता आहे, आणि जमिनीची व पैशाची वाटणी झाल्यावरही ती मागे राहते, हे यावरून दिसते. मलकापूरसारख्या गावात हे अधिकच खरे आहे. तेथे नकाशा पाहून भूखंड घेणारे थोडे. अमक्यांचे ले-आउट म्हणून, आडनावावर विश्वासून घेणारे पुष्कळ. भावांची फाटाफूट झाल्यावर दोघेही त्याच आडनावाने पाट्या लावतात, आणि एकाच्या अपुऱ्या रस्त्याचा बट्टा दुसऱ्यास लागतो.

७. उपसंहार

वरील विवेचनावरून काही व्यावहारिक नियम निष्पन्न होतात. शेत व्यापारात घालण्यापूर्वी त्याच्या मालकीचा प्रकार व सर्व हिस्सेदार, बहिणींसह, निश्चित करावेत. त्या दिवसाची किंमत ठरवून ती पेढीने मालकांस देणे लागते असे लिहून ठेवावे. काम करणाऱ्यास वेतन किंवा नफ्याचा भाग द्यावा, पण जमिनीच्या हिश्शात वाढ देऊ नये. घरखर्चाची वार्षिक उचल आधी ठरवावी. विकलेल्या जमिनीइतकी जमीन पुन्हा घेण्यास लागणारा निधी राखल्यावर जे उरेल त्यालाच वाटण्याजोगा नफा म्हणावे. नावाच्या वापराविषयीचा ठराव सलोखा असतानाच करावा. आणि पायरी बदलताना संस्थेचे रूपही बदलावे.

या नियमांस एक आक्षेप घेतला जातो: भावाभावांत कागद आला की विश्वास गेला. आक्षेप समजण्यासारखा आहे, परंतु तो वस्तुस्थितीस धरून नाही. जमिनीचा भाव स्थिर असतो तोवर तोंडी समजूत टिकते. भाव चढू लागला की प्रत्येकाच्या स्मरणातील समजूत निराळी होते, आणि त्यात कोणी अप्रामाणिकच असावा लागतो असे नाही. कागदाने ती समजूत चढत्या भावापासून सुरक्षित राहते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात स्थानिक संशोधनास पुष्कळ वाव आहे. दुय्यम निबंधक कार्यालयातील वाटणीपत्रे, हक्कसोडपत्रे व विकसन-करारनामे यांच्या सूची, तलाठ्याकडील फेरफार, आणि महारेराच्या नोंदी एकत्र ठेवून पाहिल्यास एखाद्या गावाच्या शिवारातील शेत कोणत्या क्रमाने भूखंडांत बदलले, किती कुटुंबांनी विकलेल्या जमिनीच्या जागी दुसरी जमीन घेतली, आणि हक्कसोडपत्रे करून देणाऱ्यांत बहिणी किती होत्या, हे मोजता येईल. मलकापूरच्या सीमेवरील एखादाच सर्व्हे नंबर घेऊन १९९४ पासून आजवरचा त्याचा प्रवास कोणी मांडला, तर वऱ्हाडातील नागर वाढीची खरी किंमत कोणी दिली आणि तिचा लाभ कोणास झाला, या प्रश्नाचे उत्तर देण्यास आधार मिळेल.